कर्करोग आहे, पण घाई नाही

कर्करोग हा शब्द कानावर पडला, की आपल्याकडे पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "ऑपरेशन कधी?" त्यात गैर काही नाही. तोंडाचा, स्तनाचा किंवा गर्भाशयमुखाचा कर्करोग असेल, तर 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणणाऱ्याला आम्ही डॉक्टर मंडळी रागावतोच. पण एक कर्करोग असा आहे, की त्याच्या सौम्य प्रकाराचं निदान झाल्या दिवशी मी रुग्णाला सांगतो, "आज काहीच ठरवू नका. घरी जा, जेवा, झोपा. तीन आठवड्यांनी बोलू." हा प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग. लगेच उपचार घ्यायचे की नियमित तपासण्या करत नजर ठेवायची, असा खराखुरा पर्याय इथे रुग्णापुढे असतो, आणि तो पर्याय नीट समजून न घेतल्यामुळे दोन्ही बाजूंनी नुकसान होताना मी पाहतो.

माझा दवाखाना गुलमंडीच्या मागच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर. खाली साड्यांची दुकानं, समोर अखंड गर्दी, दुचाकी लावायला जागा मिळाली तर नशीब. लग्नसराईत गावाकडून बस्ता बांधायला आलेली मंडळी खरेदी आटोपली की आजोबांना घेऊन वर येतात. एका फेरीत दोन कामं. इथे पूर्वी प्रोस्टेटच्या कर्करोगाचे रुग्ण यायचे ते पाठदुखीनं वाकलेले, आजार हाडांत पसरलेले. तसे आजही येतात आणि त्यांची संख्या कमी नाही. पण अलीकडे दुसराही एक गट जिना चढून येतो. त्यांना काही म्हणजे काही होत नसतं. मुलानं वाढदिवसाला 'फुल बॉडी चेकअप'चं पॅकेज दिलेलं असतं, त्यात पीएसए नावाची रक्ततपासणी असते, तिचा आकडा ठळक अक्षरात छापून येतो आणि तिथून गाडी थेट बायोप्सीपर्यंत जाते.

असेच एक कापड व्यापारी माझ्याकडे आले होते. (ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.) वय ६४, रक्तदाबाची एक गोळी, बाकी ठणठणीत. पीएसए ६.२. बायोप्सीत १२ तुकडे घेतले, त्यांतल्या दोन तुकड्यांत कर्करोग. बरोबर पत्नी, धाकटे भाऊ आणि फोनवर पुण्याहून मुलगा. मुलगा म्हणाला, "डॉक्टर, काढूनच टाका ना. विषय संपला." काकू म्हणाल्या, "उशाशी साप ठेवून झोपायचं कसं, डॉक्टरसाहेब?" काका मात्र गप्प. सगळे खाली उतरल्यावर ते चप्पल शोधण्याच्या निमित्तानं मागे राहिले आणि हळूच म्हणाले, "ऑपरेशननंतर गादीवर बसता येईल ना? म्हणजे, कपडे ओले होत नाहीत ना?"

तिघांचेही प्रश्न रास्त होते. त्यांची उत्तरं देण्याआधी ही ग्रंथी कुठे असते ते सांगायला हवं, कारण अर्धा गुंता तिच्या जागेचाच आहे.

प्रोस्टेट ही मोठ्या सुपारीएवढी ग्रंथी. मूत्राशयाच्या तोंडाशी ती बसलेली असते आणि लघवीची नळी तिच्या मधून जाते. तिच्या खालच्या अंगाला लघवी रोखून धरणारा स्नायू असतो, मागच्या बाजूला गुदाशय आणि दोन्ही कडांना चिकटून लैंगिक ताठरतेच्या नसा. म्हणजे शेजार फार दाटीवाटीचा, आपल्या जुन्या शहरातल्या वाड्यांसारखा. मधलं एक घर पाडायचं म्हटलं की दोन्हीकडच्या भिंतींना धक्का लागतो. शस्त्रक्रिया कितीही कुशल हातांनी झाली तरी त्या स्नायूवर आणि त्या नसांवर काही ना काही परिणाम होतो. किरणोपचारात गुदाशयाला झळ लागू शकते. काकांचा प्रश्न म्हणूनच नेमका होता. दिवसभर पांढऱ्या गादीवर बसून नव्या साड्या उलगडून दाखवणाऱ्या माणसाला लघवी गळणं ही किरकोळ तक्रार नसते. त्याचं बसणं-उठणं, गिऱ्हाइकाशी बोलणं, देवळात जाणं सगळं त्यावर अवलंबून असतं.

आता पीएसए. हे प्रोस्टेटमध्ये तयार होणारं एक प्रथिन. वीर्य पातळ ठेवणं हे त्याचं काम. थोडंसं रक्तात उतरतं, तेच आपण मोजतो. रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये ४ नॅनोग्रॅम ही साधारण धरली जाणारी मर्यादा. पण वयानुसार ग्रंथी वाढली, लघवीत जंतुसंसर्ग झाला, नळी घातली, तरी हा आकडा वर जातो. उलट फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइडच्या गोळ्या चालू असतील तर तो निम्म्यावर येतो. केसगळतीसाठी फिनास्टेराइड घेणारे पुष्कळ असतात आणि ते डॉक्टरांना सांगत नाहीत. म्हणून एका आकड्यावर घाबरू नये. काही आठवड्यांनी, संसर्ग नाही ना हे पाहून, तपासणी पुन्हा करावी. अमेरिकेत १९९४ मध्ये कर्करोग शोधण्यासाठी या चाचणीला परवानगी मिळाली आणि नंतर तिचा इतका सुकाळ झाला, की प्रोस्टेटमधल्या प्रतिजनावर १९७० मध्ये संशोधन प्रसिद्ध करणारे रिचर्ड ॲब्लिन यांनीच २०१० मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून सरसकट पीएसए करण्यावर कडक टीका केली. मला त्यांचा सूर थोडा टोकाचा वाटतो. चाचणी वाईट नाही; तिच्यानंतर होणारी धावपळ वाईट असते.

बायोप्सीच्या कागदावर सगळ्यात महत्त्वाची ओळ असते ती ग्लीसन स्कोअरची. डोनाल्ड ग्लीसन हे अमेरिकेत मिनियापोलिसच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातले पॅथॉलॉजिस्ट. १९६६ मध्ये त्यांनी ही पद्धत मांडली. एकेक पेशी न्याहाळण्याऐवजी त्यांनी पेशींची मांडणी पाहिली. आपल्या हिमरू शालीचं उदाहरण घ्या. चांगल्या शालीत विण घट्ट आणि नक्षी जागच्या जागी असते. जुनी झाली की धागे सुटतात, नक्षी ओळखू येईनाशी होते. तसंच इथे. मांडणी बरीचशी शाबूत असेल तर ३, बिघडली तर ४, पार विस्कटली तर ५. सर्वांत जास्त दिसलेल्या दोन मांडण्यांची बेरीज करतात. आजच्या रीतीनं बायोप्सीत कर्करोगाचा सगळ्यात सौम्य आकडा ३ अधिक ३, म्हणजे ६. दहापैकी सहा म्हटल्यावर रुग्णाला वाटतं, साठ टक्के रोग झाला! हा गैरसमज इतका सर्रास होता, की २०१४ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी १ ते ५ अशी सोपी गटवारी केली आणि ग्लीसन ६ ला गट १ म्हटलं. तुमच्या कागदावर दोन्ही आकडे लिहिलेले असतील तर तो हाच हिशेब.

पीएसए १० पेक्षा कमी, ग्लीसन ६ आणि बोटानं तपासल्यावर गाठ लागत नाही किंवा एकाच बाजूला अगदी छोटी लागते, या तिन्ही गोष्टी जमल्या की त्याला कमी धोक्याचा कर्करोग म्हणतात. काका या चौकटीत बसत होते.

मग उशाशी साप होता की नाही? इतर कारणांनी मरण पावलेल्या पुरुषांच्या शवविच्छेदनांचे अभ्यास एकत्र करून २०१५ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ७९ वर्षांपुढच्या पुरुषांपैकी सुमारे ५९ टक्क्यांच्या प्रोस्टेटमध्ये कर्करोगाच्या पेशी सापडल्या. यांतल्या कित्येकांना त्याचा जन्मभर पत्ताही नव्हता. दुसरा अभ्यास २०१२ चा. शस्त्रक्रियेनं काढलेल्या, ग्लीसन ६ किंवा त्याखालच्या १४ हजारांहून अधिक प्रोस्टेटचा शोध घेतला, तेव्हा फक्त २२ जणांच्या लसीकाग्रंथींत कर्करोग पसरलेला दिसला. त्यांतल्या १९ जणांच्या काचा पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घातल्या, तर एकूण एक रुग्णाचा ग्लीसन मुळात ६ पेक्षा जास्त निघाला. म्हणजे खरोखरचा, निव्वळ ग्लीसन ६ असलेला कर्करोग पसरतो असं दाखवणं जवळजवळ अशक्य झालं. याला कर्करोग म्हणावं तरी का, असा वाद २०२२ पासून वैद्यकीय नियतकालिकांत चालू आहे. 'कर्करोग' हा शब्द काढला तर निम्मी घाई आपोआप कमी होईल असं एक बाजू म्हणते. मला मात्र दुसरी बाजू पटते: शब्द काढला तर आपली माणसं पुन्हा तपासणीला यायचीच नाहीत.

आणि पुन्हा येणं अत्यावश्यक आहे, कारण बायोप्सीची सुई संपूर्ण ग्रंथी पाहत नाही. बारा ठिकाणचे बारीक धागे घेतले तरी तो ग्रंथीचा अगदी लहानसा भाग. शेजारीच ग्लीसन ७ किंवा ८ चा पुंजका दडलेला असू शकतो. पोत्यात परखी घालून धान्य पाहण्यासारखं आहे हे. परखी जिथे गेली तिथला दाणा चांगला, एवढंच खात्रीनं सांगता येतं. इथे एमआरआयचा मोठा उपयोग झाला. २०१८ मध्ये ५०० पुरुषांवर झालेल्या 'प्रिसिजन' नावाच्या अभ्यासात, आधी एमआरआय करून संशयित जागीच सुई घातली तेव्हा महत्त्वाचे कर्करोग ३८ टक्के पुरुषांत सापडले. जुन्या पद्धतीत २६ टक्के. बिनमहत्त्वाचे मात्र २२ वरून ९ टक्क्यांवर आले. म्हणून बायोप्सीआधी एमआरआय झाला नसेल, तर नजर ठेवायचं ठरवण्यापूर्वी तो करून घ्या, असं मी सांगतो. आणि बायोप्सीच्या काचा व मेणाचे ब्लॉक मागून घ्या. ते तुमचे आहेत. ते परळच्या टाटा रुग्णालयात किंवा दुसऱ्या अनुभवी पॅथॉलॉजिस्टकडे दाखवून घेतले, आणि ६ चा ७ झाला किंवा ७ चा ६, तर सगळा निर्णयच बदलतो.

आता मुलाचा प्रश्न: काढून टाकलं तर विषय संपत नाही का? याचं सगळ्यात प्रामाणिक उत्तर ब्रिटनमधल्या 'प्रोटेक्ट' या अभ्यासात आहे. ऑक्सफर्डचे फ्रेडी हॅम्डी, ब्रिस्टलच्या जेनी डोनोव्हन आणि डेव्हिड नील यांनी तो चालवला. १९९९ ते २००९ या काळात ५० ते ६९ वयाच्या ८२ हजारांवर पुरुषांची पीएसए तपासणी झाली. ज्यांच्यात प्रोस्टेटपुरता मर्यादित कर्करोग सापडला त्यांतल्या १,६४३ जणांनी एक धाडसी गोष्ट मान्य केली: कोणाला शस्त्रक्रिया, कोणाला किरणोपचार आणि कोणावर फक्त नजर, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायचं. स्वतःच्या कर्करोगाची चिठ्ठी काढू देणारी ही माणसं नसती, तर आज मी तुम्हाला फक्त माझं मत सांगू शकलो असतो.

पंधरा वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. प्रोस्टेटच्या कर्करोगानं मृत्यू किती? नजर ठेवलेल्या गटात ३.१ टक्के, शस्त्रक्रियेच्या गटात २.२ टक्के, किरणोपचारांच्या गटात २.९ टक्के. संख्याशास्त्राच्या दृष्टीनं यांत फरक नाही. तिन्ही गट मिळून ४५ जण या कर्करोगानं गेले. त्याच काळात सगळ्या कारणांनी गेलेले होते ३५६. उरलेल्या तीनशेवर माणसांना दुसऱ्याच आजारांनी नेलं. काकांची रक्तदाबाची गोळी वेळेवर घेणं किती महत्त्वाचं, ते इथे कळतं.

पण एवढंच सांगून थांबलो तर ती अर्धी गोष्ट होईल, आणि नजर ठेवण्याच्या बाजूनं बोलणारे पुष्कळजण ती अर्धीच सांगतात. कर्करोग शरीरात पसरण्याचं प्रमाण नजर ठेवलेल्या गटात ९.४ टक्के होतं. शस्त्रक्रियेच्या गटात ४.७ आणि किरणोपचारांत ५. म्हणजे शंभरामागे चार-पाच जण जास्त. त्यांना हार्मोन रोखणारी इंजेक्शनं दीर्घकाळ घ्यावी लागतात, आणि त्या इंजेक्शनांनी हाडं ठिसूळ होतात, अंगात उष्णतेच्या लाटा येतात, उमेद खचते. मृत्यू वाढला नाही म्हणून हा त्रास शून्य धरता येत नाही.

याच्या समोरच्या पारड्यात काय? शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी ४६ टक्के पुरुषांना लघवीसाठी पॅड वापरावा लागत होता. सहा वर्षांनीही १७ टक्क्यांना. नजर ठेवलेल्यांत हे आकडे ४ आणि ८ टक्के. संबंधांपुरती ताठरता असलेले पुरुष सुरुवातीला ६७ टक्के होते. सहा महिन्यांनी नजर ठेवलेल्यांत ५२, किरणोपचारांनंतर २२ आणि शस्त्रक्रियेनंतर १२ टक्के उरले. पुढे काहींची स्थिती सुधारली, पण फरक राहिला. किरणोपचारांत पॅडची गरज कमी, मात्र शौचातून रक्त जाण्यासारख्या तक्रारी अधिक. ताठरतेविषयी आपल्याकडे दवाखान्यात कुणी बोलत नाही. साठी-पासष्टीचा माणूस मुलांसमोर काय बोलणार? म्हणून मी नवराबायकोला दहा मिनिटं वेगळं बसवतो, आणि अनुभव असा, की बऱ्याचदा बायकोच मोकळेपणानं बोलते.

हे आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू करताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आजच्या मोजमापानं पाहिलं, तर त्या १,६४३ जणांतले एक तृतीयांशाहून अधिक कमी धोक्याचे नव्हतेच, मध्यम किंवा जास्त धोक्याचे होते. शिवाय त्या काळची देखरेख मुख्यतः पीएसएवर होती. एमआरआय आणि ठरावीक मुदतीनं पुन्हा बायोप्सी तेव्हा नव्हती. म्हणजे आज नीट निवडलेल्या आणि नीट तपासल्या जाणाऱ्या माणसाचं चित्र त्याहून बरं असण्याची शक्यता आहे. टोरांटोचे डॉ. लॉरेन्स क्लॉट्झ १९९५ पासून अशा रुग्णांवर नजर ठेवून आहेत. त्यांनी २०१५ मध्ये ९९३ जणांचा हिशेब दिला, त्यांत १५ जण या कर्करोगानं गेले होते. पण दुसरी गोष्ट आपल्या विरोधात जाते. ब्रिटनमधले ते पुरुष जवळजवळ सगळे गोरे होते, आणि त्यांच्यामागे बोलावणं पाठवणारी, तारीख चुकली तर विचारपूस करणारी व्यवस्था होती. आपल्याकडे ती व्यवस्था म्हणजे रुग्णाच्या घरातली प्लास्टिकची पिशवी.

त्या पिशवीबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण माझ्या मते सगळी मेख तिथे आहे. नजर ठेवणं म्हणजे दुर्लक्ष करणं नव्हे. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेनं दिलेली रीत अशी: पहिल्या वर्षी दर तीन-चार महिन्यांनी पीएसए, वर्षअखेर बोटानं तपासणी, बारा ते अठरा महिन्यांदरम्यान पुन्हा एमआरआय, पुढे दर सहा महिन्यांनी पीएसए आणि वर्षातून एकदा बोटानं तपासणी. शंका आली की बायोप्सी. हे दहा-पंधरा वर्षं चालवायचं. काही दुखत नसताना दहा वर्षं रांगेत उभं राहणं फार अवघड असतं. प्रत्येक वेळी तीच प्रयोगशाळा हवी, कारण दोन यंत्रांच्या आकड्यांत फरक पडतो. जुने रिपोर्ट बरोबर हवेत; एमआरआयची नुसती फिल्म पुरत नाही, सीडीही हवी.

वैजापूरकडचे एक शेतकरी. वय ६१, धोका कमी, त्यांनी नजर ठेवायचं ठरवलं. पहिल्या वर्षी तीनदा आले, पीएसए स्थिर होती. मग दुष्काळाचं वर्ष, त्यानंतर मुलीचं लग्न, त्यानंतर 'काही त्रास तर नाही' म्हणून आले नाहीत. फोन नंबर बदललेला. चार वर्षांनी आले तेव्हा पीएसए १९ वर आणि नव्या बायोप्सीत ग्लीसन ८. किरणोपचार आणि हार्मोनची इंजेक्शनं मिळून उपचार झाले, ते आज शेतात काम करताहेत. पण सुरुवातीला त्यांच्यापुढे जेवढे पर्याय होते तेवढे तेव्हा उरले नव्हते. अशा माणसाला मी आज पहिल्याच दिवशी विचारतो: पुढची दहा वर्षं तारखेला कोण आणणार? नाव सांगा. सुनेचं नाव आलं तर मी निर्धास्त होतो. मुलाचं आलं तर सुनेचाही फोन नंबर लिहून घेतो.

ज्यांना ही तारखांची साखळी जमणारच नाही, किंवा जे प्रत्येक पीएसएच्या आधी आठ दिवस झोपत नाहीत, त्यांनी उपचार निवडले तर मी त्यांना कमी समजत नाही. पैठणचे एक निवृत्त शिक्षक सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "मला गळणं चालेल, टांगणं चालणार नाही." त्यांची शस्त्रक्रिया झाली. थोडं गळतं, ते एक पॅड वापरतात, समाधानी आहेत. समजून-उमजून घेतलेल्या निर्णयाचा पश्चात्ताप कमी होतो, असा माझा तरी अनुभव. जाता जाता: शस्त्रक्रिया 'रोबो'नं केली म्हणजे गळतच नाही, अशी एक समजूत पसरली आहे. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला याची तुलना झाली. २०१६ मध्ये पहिले आणि २०१८ मध्ये दोन वर्षांचे निष्कर्ष आले. लघवीवरचा ताबा आणि ताठरता, दोन्हींत उघड्या पद्धतीत आणि रोबोत फरक दिसला नाही. रक्तस्राव कमी, घरी लवकर, हे फायदे खरे. पण यंत्रापेक्षा, वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता, हे डॉक्टरांना विचारावं. किरणोपचारही आता पूर्वीसारखे सात-आठ आठवडे चालत नाहीत; पुष्कळांना वीस, आणि काही केंद्रांत निवडक रुग्णांना फक्त पाच खेपा पुरतात.

उपचार न घेता बसलेला माणूस काहीतरी करायला उत्सुक असतो. कुणी डाळिंबाचा अर्क आणतं, कुणी जीवनसत्त्वांच्या गोळ्या. ई जीवनसत्त्वाबद्दल तर अमेरिकेतल्या ३५ हजार पुरुषांच्या अभ्यासात २०११ मध्ये उलटंच दिसलं: ते घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त. भाज्या भरपूर खाल्ल्यानं नजर ठेवलेल्या रुग्णांचा आजार थांबतो का, याचाही अभ्यास झाला; २०२० चा निष्कर्ष 'नाही' असा आहे. तरी भाज्या खाव्यात. तंबाखू सोडावी, चालावं. प्रोस्टेटसाठी नव्हे, त्या उरलेल्या तीनशे माणसांना ज्या आजारांनी नेलं त्यांच्यासाठी.

हे सगळं ऐकून कुणी घरी जाऊन म्हणेल, 'डॉक्टर म्हणाले, प्रोस्टेटचा कर्करोग काही करत नाही.' तसं मी म्हणालेलो नाही. हे बोलणं फक्त कमी धोक्याच्या कर्करोगाबद्दल आहे, आणि तो कमी धोक्याचा आहे हे तपासल्याशिवाय कळत नाही. लघवीची धार बारीक होणं, रात्री चारदा उठणं हे बहुतेक वेळा ग्रंथी नुसती वाढल्यामुळे असतं. पण लघवीतून रक्त जात असेल, कंबर किंवा पाठ न थांबता दुखत असेल, पायांतली ताकद जात असेल, तर तो वाट पाहण्याचा प्रश्नच नाही. आपल्याकडे घाटी रुग्णालय आहे, २०१२ मध्ये सुरू झालेलं शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. मुंबईला जाणं जमत नाही म्हणून घरी बसण्याची वेळ आता राहिलेली नाही. बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कर्करोगाची नोंदणी चालते, मुंबईत १९६३ पासून. या नोंदींत प्रोस्टेटचा कर्करोग मुंबईत बार्शीपेक्षा बराच जास्त दिसतो. त्यात खेड्यात रोग कमी किती आणि तपासणी कमी किती, याचा विचार करताना मला त्या पाठदुखीनं वाकलेल्या माणसांचे चेहरे आठवतात.

कापड व्यापाऱ्यांचं काय झालं, हे बऱ्याच जणांना विचारायचं असेल. त्यांनी नजर ठेवायचं ठरवलं. मुलाला ते पटायला एक दिवाळी गेली. काकूंनी रिपोर्टांची फाइल देवघराखालच्या कपाटात ठेवली आहे आणि तारखा दिनदर्शिकेवर चतुर्थीच्या बाजूला लिहिल्या आहेत. दुसऱ्या वर्षी एमआरआयमध्ये एक बारीक जागा संशयास्पद दिसली, पुन्हा बायोप्सी झाली, पुन्हा ग्लीसन ६. उद्या ७ आला, एमआरआयमधली जागा वाढली किंवा पीएसए सतत चढत गेली, तर आम्ही पुन्हा चौघं बसू आणि तेव्हा बहुधा मी उपचारांच्या बाजूनं बोलेन. प्रोटेक्ट अभ्यासात नजर ठेवलेल्यांपैकी ६१ टक्क्यांनी पंधरा वर्षांत कधी ना कधी उपचार घेतलेच. चारातला एक मात्र कोणताही उपचार न घेता हयात होता. काका त्या चौघांतले कोण, हे आज सांगता येत नाही, आणि तसं मी त्यांना सांगितलंही आहे.

वय वाढलं की नजर ठेवण्याचं स्वरूप बदलतं. पंचाहत्तरी-ऐंशीच्या पुढे, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर एमआरआय आणि सुया थांबवून आम्ही फक्त त्रास होतो का ते पाहतो, आणि झाला तर तेवढ्यापुरता उपचार करतो. रंगारगल्लीतल्या ८१ वर्षांच्या एका आजोबांना त्यांचा नातू दर सहा महिन्यांनी नव्या बायोप्सीसाठी घेऊन येतो. मागच्या खेपेला मी त्याला बायोप्सीऐवजी मोतीबिंदूची तारीख घ्यायला सांगितलं.